घामाला बोट समजणारं बटण

मागच्या आठवड्यात इंटरव्हल पळत होतो. ४०० मीटर जीव काढून, मग २०० मीटर रमतगमत, अशा आठ फेऱ्या. पाचवी संपली, लॅप मारायला, म्हणजे फेरीची वेळ नोंदवायला, घड्याळाच्या कडेच्या टच बटणावर अंगठा ठेवला. काहीच नाही. परत ठेवला, तरी नाही. शर्टाला पुसून पाहिलं तर शर्टच चिंब. मग वैतागून जरा दाबूनच धरला, तर अख्खा वर्कआउट पॉज झाला, आणि ते मला कळलं सहावी फेरी पळून आल्यावर. पाचवीची वेळ बिघडलेली आणि सहावी घड्याळाच्या हिशेबी झालेलीच नाही!

राग आला खरा, पण बिचाऱ्या बटणाची बाजू अशी की आपण त्याला दाबतच नसतो. तिथे दाबलं जाण्यासारखं काही नाहीच मुळी. कव्हरच्या आत धातूची एक बारीकशी पट्टी असते, चिप तिच्यावर विद्युतभार भरते, काढते, परत भरते, आणि प्रत्येक वेळी किती भार मावला ते मोजते. ही मावण्याची क्षमता म्हणजे कपॅसिटन्स. आपलं बोट म्हणजे वीज वाहून नेणारी खारट पाण्याची पिशवी, ते जवळ आलं की क्षमता किंचित वाढते. किंचित म्हणजे एखादा पिकोफॅरड, बऱ्याचदा त्याहूनही कमी, आणि पिकोफॅरड म्हणजे एका फॅरडचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्याशा फरकावरून चिपने ओळखायचं की मालकांना लॅप हवाय.

आता घाम काय आहे? तोही खारट पाणीच की. पट्टीवर सुटा थेंब पडला तर फार बिघडत नाही, पण मनगटावरून निघालेला ओघळ घड्याळाच्या कडेने बटणापर्यंत पोचला की तुमची कातडीच तिथवर पसरल्यासारखं होतं, म्हणजे चिपच्या लेखी बोट टेकलेलंच आहे. ओल्या बाहीचंही तेच. म्हणून कुणी हात न लावता घड्याळ आपलंआपण पॉज होतं, स्क्रीन बदलतं.

पण मला जास्त छळणारा प्रकार उलटा आहे, पुसल्यावरही बटण न चालण्याचा. थंडी-ऊन, दमट हवा यांनी ते आकडे सतत हलत असतात, म्हणून चिप एक 'नेहमीची पातळी' धरते, तीही हळूहळू बदलत राहते, आणि त्या पातळीपेक्षा आकडा झटकन वर गेला तरच स्पर्श मानते. अर्धा तास घामाचा थर बसून राहिला तर चिप म्हणते, बरं, हेच नेहमीचं. मग तुम्ही खसकन पुसता, आकडा त्या पातळीच्या खाली जातो, आणि लगेच बोट लावलं तर तो वर येऊन जेमतेम जुन्या पातळीलाच टेकतो. चिपला वाटतं काही झालंच नाही. जरा वेळ गेला की ती स्वतःला सावरते, पण तेवढ्यात आपण आणखी तीनदा बोट लावलेलं असतं आणि तिचा गोंधळ वाढवलेला असतो. तेव्हापासून मी पुसल्यावर एक-दोन श्वास थांबतो, मगच बोट लावतो. खरंच फरक पडतो.

खोटे स्पर्श टाळायला कंपन्या मर्यादा वर नेतात, किंवा लागोपाठ काही वेळा तोच आकडा आला तरच मानायचं असं ठरवतात. म्हणजे भुतं कमी झाली की खरं बोटही उशिरा कळतं. त्यात बॅटरी वाचवायला स्क्रीन बंद असताना मोजणीही सावकाश चालते, त्यामुळे पहिला टच बहुतेक जागं करण्यातच जातो.

गंमत म्हणजे ई. ए. जॉन्सन यांनी १९६५ मध्ये कपॅसिटिव्ह टचस्क्रीनची कल्पना मांडली ती विमान वाहतूक नियंत्रकांच्या कामासाठी. खोलीत बसलेला, कोरड्या हाताचा माणूस! मग ती मनगटावर का आणली? कारण हलत्या बटणाला घड्याळाच्या कवचात भोक लागतं, भोक आलं की रबरी सील आलं, आणि ५ एटीएम म्हणजे ५० मीटर खोल पाण्याइतका दाब सोसायचा तर प्रत्येक भोक ही डोकेदुखी. टच बटणाला भोकच नको, शिवाय घड्याळ बारीक दिसतं.

पण त्या भोकाबरोबर 'टक्' गेलं. खऱ्या बटणाखाली बहुतेक वेळा धातूची छोटीशी घुमटी असते, ती दबली की एकदम आत बसते आणि तो झटका बोटाला कळतो, बघावं लागत नाही. टचवाले त्याच्या जागी व्हायब्रेशन देतात, खुर्चीत बसून छान वाटतं. पळताना मात्र हात आधीच हादरत असतो, वर हलत्या अंगावरच्या स्पर्शाची जाणीव मेंदू स्वतःच मंद करतो, मग ती बारीक थरथर कुठे कळणार?

हे कंपन्यांनाही कळत असावं. फिटबिटने २०२० च्या सेन्स आणि व्हर्सा ३ मध्ये कडेला न हलणारं बटण दिलं होतं, २०२२ च्या सेन्स २ आणि व्हर्सा ४ मध्ये परत दाबायचं बटण आणलं. गार्मिनच्या फोररनर २६५ मध्ये टचस्क्रीन आली तरी पाच बटणं तशीच ठेवली. खरी बटणंही काही साधुसंत नाहीत म्हणा, कडेला घामाचं मीठ साचलं की रुतून बसतात. पण ते मीठ गोड्या पाण्याने धुऊन निघतं. माझ्या घड्याळात तर पळताना टच बंद ठेवायची सोय आहे, फक्त ती सुरू-बंद करायची त्याच बटणाने.