गर्भकालीन बहुमूत्रमेह

गर्भारपणात, बहुधा शेवटच्या तिमाहीत, न भागणारी तहान आणि पाण्यासारखी विपुल लघवी या लक्षणांनी प्रकटणारा विकार. दर लाख गर्भवतींमागे साधारण २ ते ४ जणींना तो होत असावा. मधुमेहाशी त्याचे नाते नावापुरतेच आहे. साखर वाढलेली नसल्याने गोड वर्ज्य करण्याचे प्रयोजन नाही.

चरकाने कफज प्रमेहांत सांगितलेला उदकमेह (स्वच्छ, पुष्कळ, थंड, गंधहीन मूत्र) तो हाच, असे काही जण मानतात. मात्र ते वर्णन लक्षणाचे आहे, कारणाचे नव्हे. म्हणून येथे ती संज्ञा योजलेली नाही.

मूत्रपिंडाला पाणी राखायला लावणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक वारेतून स्रवणाऱ्या व्हॅसोप्रेसिनेज या विकराने (एन्झाइमने) नष्ट होते, हे कारण १९८०च्या दशकात स्पष्ट झाले. तथापि हे विकर प्रत्येक गर्भवतीत असते आणि मेंदूच्या तळाशी असलेली पोष ग्रंथी (पिट्यूटरी) जादा संप्रेरक स्रवून ती तूट भरून काढते. मग मोजक्याच जणींना विकार का जडतो, याविषयी दोन मते आहेत. एका मतानुसार विकर प्रमाणाबाहेर वाढते. दुसऱ्यानुसार पोष ग्रंथीची क्षमता मुळातच उणी असते आणि गर्भारपणात ती उघडी पडते. या विकराचा निचरा यकृत करते, आणि हा विकार अनेकदा गर्भकालीन तीव्र मेदयकृत (यकृतात चरबी साचणे) किंवा पूर्वप्रसवाक्षेप (प्रीएक्लॅम्प्सिया, म्हणजे गर्भारपणात रक्तदाब वाढण्याचा विकार) यांच्या जोडीने आढळतो, हे पाहता निदान अशा रुग्णांत तरी पहिले मत अधिक ग्राह्य वाटते.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. नवतपात उशाशी भरून ठेवलेला तांब्या मध्यरात्रीच रिता झाला, तरी घरात कोणाला नवल वाटत नाही. उन्हाच्या तहानेत मात्र घामावाटे पाणी गेल्याने लघवी थोडी आणि गडद पिवळी होते. या विकारात ऐन उन्हाळ्यातही ती रंगहीन आणि भरपूर राहते. त्यामुळे तहानेपेक्षा २४ तासांची लघवी कॅनमध्ये साठवून केलेले मोजमाप अधिक बोलके ठरते. ते ३ लिटरांवर गेल्यास पुढील तपासण्या कराव्या लागतात. गर्भारपणात रक्तातील सोडियम एरवीपेक्षा लिटरमागे ४ ते ५ मिलिमोलने उतरते. म्हणून अहवालात १४० हा आकडा ‘नॉर्मल’ छापलेला असला, तरी येथे तो शंकास्पद होय. पाणी तोडून करावयाची चाचणी गर्भवतीत निर्जलीकरणाच्या भीतीने टाळतात.

उपचारासाठी डेस्मोप्रेसिन हे व्हॅसोप्रेसिनचे कृत्रिम रूप देतात, कारण ते या विकराला दाद देत नाही. बाळंतपणानंतर वार पडून गेल्यावर विकार बहुधा ४ ते ६ आठवड्यांत ओसरतो. औषध त्यानंतरही चालू राहिल्यास शरीरात पाणी साचून सोडियम घातक पातळीपर्यंत उतरू शकते.