धामापूर तलाव

सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या मालवण तालुक्यातील धामापूर गावचा मानवनिर्मित गोड्या पाण्याचा तलाव. कुडाळहून नेरूरपार-काळसेमार्गे मालवणला जाताना तो लागतो. काठावर ग्रामदेवता भगवतीचे देऊळ आहे.

विजयनगरचे मांडलिक नागेश देसाई यांनी 1530 मध्ये ग्रामस्थांच्या मदतीने तलाव बांधला, अशी परंपरा सांगते व बहुतेक लेखनात तीच उतरली आहे. मात्र विजयनगरच्या संदर्भाबाबत सावध राहणे बरे. गोवे 1470 च्या सुमारास बहमनींकडे आणि 1510 मध्ये पोर्तुगीजांकडे गेले होते. त्याच्या उत्तरेकडील या पट्ट्यात तेव्हा आदिलशाहीचा अंमल मानला जातो. त्यामुळे 1530 मध्ये येथे विजयनगरचा मांडलिक असणे जुळत नाही. काळ सोळाव्या शतकाचा पूर्वार्ध आणि कर्ता स्थानिक देसाई घराण्यातील, एवढे धरणे अधिक सयुक्तिक वाटते. ‘मांडलिक’ हे बिरुद घराण्याच्या जुन्या निष्ठेची आठवण असू शकेल.

दोन टेकड्यांमधील घळ मातीच्या बांधाने अडवून पाणी साठवले आहे. कोकणात पाऊस उदंड, पण जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात. सच्छिद्र जांभा दगड तो शोषतो आणि खालच्या चिकण थरावरून झऱ्यांवाटे हळूहळू सोडतो. उघड्या सड्यावर, म्हणजे टेकडीच्या सपाट खडकाळ माथ्यावर, पाणी ठरत नाही; घळीच्या तळाशी ठरते. टेकड्यांवरची झाडी म्हणूनच तलावाचा भाग समजावी. ती तुटली, तर झरे आटतात आणि गाळ वाढतो. साठलेल्या पाण्यावर धामापूर व काळसे येथील शेती, माड-पोफळीच्या बागा पोसल्या गेल्या. पावसाळी भातानंतरचे वायंगणी पीक अशा पाण्याशिवाय निघत नाही.

आंतरराष्ट्रीय सिंचन व निचरा आयोगाने 2020 मध्ये या तलावाला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा दर्जा दिला. ही यादी 2014 पासून निघते व तीत शंभर वर्षांहून जुनी बांधकामे घेतली जातात.

लग्नासाठी तलावात फुलांची परडी सोडली की देवी तीतून दागिने देई. एकाने ते परत केले नाहीत आणि देणे थांबले, अशी आख्यायिका आहे. दागिन्यांऐवजी भांडी घालून हीच कथा महाराष्ट्रातील इतर तळ्यांविषयीही ऐकू येते.

पर्यटक येथे नौकाविहारासाठी येतात. गरवणे, म्हणजे गळाने मासे धरणे, हा कोकणातल्या तळ्याकाठचा जुना छंद. तंबू ठोकून राहणे अलीकडचे. पहिल्या पावसात ओहोळातून वर सरकणारे चढणीचे मासे विणीसाठी निघालेले असतात, त्यामुळे त्या दिवसांत ते पकडल्यास पुढची पैदास घटते.