दवंडी

दवंडी : सरकारी हुकूम किंवा गावकीचा निर्णय वाद्य वाजवून व मोठ्याने ओरडून गावाला कळवण्याची पद्धत. दौंडी, डौंडी ही पर्यायी रूपे. दवंडी पिटतात, देतात किंवा फिरवतात.

शब्दाच्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. संस्कृत ‘डिंडिम’ (एक चर्मवाद्य) या शब्दाशी त्याचे नाते जोडण्याकडे सामान्यतः कल आहे व हिंदीतील ‘डौंडी’ या रूपाने त्याला दुजोरा मिळतो. अडचण आहे ती आरंभीच्या ‘द’ची. ‘ड’चा ‘द’ होणे मराठीत नेहमीचे नाही. मात्र एकाच शब्दात दोन मूर्धन्य (ट-वर्गातील) वर्ण जवळजवळ आल्याने पहिला दंत्य (त-वर्गातील) झाला असावा, असे मानले तर ती बरीचशी दूर होते. ‘दौड’ या शब्दाशी सांगड घालण्याचा मोह होतो, पण ती लोकव्युत्पत्तीच (नुसत्या उच्चारसाम्यावर बेतलेली) म्हणावी लागेल. समानार्थी ‘डांगोरा’ची गोष्ट वेगळी. कन्नड ‘डंगुर’, तेलुगू ‘दंडोरा’, गुजराती ‘ढंढेरो’, हिंदी ‘ढिंढोरा’ ही त्याची भावंडे दिसतात. यांतले कोणी कोणाकडून घेतले हे ठरवण्यापेक्षा सर्वच शब्द वाद्याच्या नादावरून आले असावेत, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. ‘डांगोरा’ मराठीत निदान सतराव्या शतकापासून आहे. तुकारामांच्या अभंगात भक्तीचा डांगोरा पिटला जातो. उत्तरेत अधिक रूढ असलेला ‘मुनादी’ हा शब्द अरबीतून आला.

प्रथा शब्दाहून जुनी असावी. ‘मृच्छकटिक’ या संस्कृत नाटकाच्या दहाव्या अंकात नायक चारुदत्ताला वधस्थानी नेताना चांडाळ ठरलेल्या घोषणास्थानी थांबून डिंडिम वाजवतात व त्याचा गुन्हा जाहीर करतात. नाटकाचा काळ वादग्रस्त आहे आणि उज्जयिनीतील त्या प्रसंगापासून मराठी गावापर्यंत सलग परंपरा ओढणे धाडसाचे ठरेल. तरी नादाचे काम समाजाच्या कडेला ठेवलेल्या माणसांकडे असणे ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच आहे.

महाराष्ट्रात हे काम वतनी पद्धतीत मुख्यतः महाराकडे (येसकर, तराळ ही या कामाची पदनावे) होते; हलगी वाजवणे मांगांकडे. गावागणिक यात फरक पडे. हलगी म्हणजे कड्यावर ताणलेले कातडे. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. वाजवण्यापूर्वी ती जाळावर शेकत, म्हणजे कातडे ताणून आवाज चढे. पावसाळ्यात कातडे सादळले की रॉकेलचा रिकामा डबाही चाले.

वेळ बहुधा दिवेलागणीची, कारण तेव्हा माणसे शेतातून परतलेली असत. चावडीपासून निघून वेशीपर्यंत, आळीच्या प्रत्येक तोंडाशी थांबत पुकारा होई : “ऐका होऽ ऐका! उद्या सकाळी चावडीवर तलाठी येणार, शेतसारा भरून घ्यावा होऽ!” कोंडवाड्यातल्या जनावराचा लिलाव, देवी काढणारा डॉक्टर, कालव्याचे पाणी, रेशनची साखर, ग्रामसभा हे नेहमीचे विषय. दवंडीला गावाची बातमीपत्रिका म्हणण्याची पद्धत आहे. ते अर्धेच खरे. मजकूर वरून येई आणि त्यात कारण क्वचितच असे. तलाठी आत्ताच का येतोय, कोणाची म्हैस कोंडवाड्यात आहे, याची चर्चा नंतर पारावर होई व बातमी तिथे तयार होई.

या कामामागील सक्ती दवंडीच्या आठवणी सांगताना सहसा गाळली जाते. रात्री-अपरात्री राबवून घेणाऱ्या वतनाविरुद्ध बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. १९५६ च्या धर्मांतरानंतर अनेक गावांत ही कामे उघडपणे नाकारली गेली. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली आणि पुढे दवंडी मानधनावरील कोतवालाकडे आली. तमिळनाडूत मात्र ‘तंडोरा’ (तेथील दवंडी) बंद करून ध्वनिक्षेपक वापरण्याची सूचना प्रशासनाने २०२२ मध्ये दिली.

ग्रामपंचायतीचा फळा, देवळावरचा भोंगा, रिक्षावरचा कर्णा आणि आता व्हॉट्सॲप गट यांनी दवंडीची जागा घेतली. भोंग्याचा एक उलटा उपयोग सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे दिसतो. तेथे २०२२ पासून सायंकाळी सात वाजता वाजणारा भोंगा टीव्ही व मोबाइल दीड तास बंद ठेवण्याची खूण ठरला.

कायद्यात मात्र दवंडी टिकून आहे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश २१, नियम ५४ प्रमाणे स्थावर मालमत्तेच्या जप्तीचा हुकूम त्या मालमत्तेच्या जागी किंवा तिच्यालगत ढोल वाजवून अथवा अन्य रूढ रीतीने जाहीर करावा लागतो, शिवाय त्याची प्रत मालमत्तेवर व न्यायालयात डकवावी लागते. ही रीत पाळली नाही म्हणून जप्तीवर किंवा पुढच्या लिलावावर हरकत घेतली जाते. त्यामुळे बेलिफाच्या (न्यायालयाचे हुकूम बजावणाऱ्या कर्मचाऱ्याच्या) अहवालात दवंडी दिल्याचा उल्लेख आणि खाली पंचांच्या सह्या असतात.