जुन्या टीव्हीसाठी स्टिक घेताय? आधी टीव्हीची पाठ बघा

"टीव्ही चांगला चालतोय, फक्त स्मार्ट नाही. बदलायचा, की काही लावून भागेल?" दुकानात रोज विचारला जाणारा हा प्रश्न. पडद्यावर पट्टे नसतील, आवाज ठीक असेल आणि मागे एचडीएमआय असेल तर टीव्ही बदलू नका. साधारण तीन ते पाच हजारांच्या स्टिकवर (टीव्हीच्या एचडीएमआयमध्ये खोचायची, वाय-फायवर चालणारी छोटी कांडी) यूट्यूब, मालिका, क्रिकेट, सिनेमे सगळं दिसतं. स्टिक कशी निवडायची आणि घरी नेल्यावर ती "बंद पडली" असं का वाटतं, ते एकदाच नीट सांगायला हे पत्रक काढलं आहे.

टीव्हीची पाठ

मोबाईलची बॅटरी लावून टीव्हीची मागची आणि डावी-उजवी बाजू बघा. एचडीएमआय म्हणजे सुमारे दीड सेंटीमीटर रुंदीची चपटी खाच, खालचे दोन कोपरे तिरके कापलेले. यूएसबीची खाच सरळ आयताकृती असते, या दोहोंत गल्लत करू नका. निळं, पंधरा भोकांचं सॉकेट कॉम्प्युटरसाठीचं, ते इथे कामाचं नाही. पिवळी-पांढरी-लाल गोल भोकं म्हणजे एव्ही.

एचडीएमआय असेल तर कोणतीही स्टिक चालेल. नुसतं एव्ही असेल, म्हणजे डबा टीव्ही किंवा अगदी सुरुवातीचा एलसीडी, तर मध्ये कन्व्हर्टर लागतो. त्याचं पुढे सांगतो. दुकानात येताना पाठीचा एक फोटो काढून आणा. आम्ही फोटो मागतो तेव्हा काहींना तो नसता उपद्व्याप वाटतो, पण त्यामुळे तुमचा दुसरा हेलपाटा वाचतो.

वायर कुठे लावली आहे?

परत आणल्या जाणाऱ्या स्टिकपैकी बऱ्याचशा आमच्या काउंटरवर लावल्या की बिनतक्रार चालतात. तक्रारी ठरलेल्या: लोगो येतो आणि पुन्हा लोगोच येतो, सिनेमा मध्येच थांबून स्टिक आपोआप बंद-चालू होते, रिमोट दाबला तरी काही होत नाही, वाय-फाय सारखं तुटतं. कारणही बहुतेक वेळा एकच. स्टिकची पॉवरची वायर भिंतीतल्या अॅडॉप्टरऐवजी टीव्हीच्या यूएसबीत खोचलेली असते.

मोह होतो हे मान्य. पोर्ट शेजारीच असतो, वायर लोंबकळत नाही, प्लग अडत नाही. पण त्या पोर्टजवळचं बारीक छापील वाचा. बहुतेक जुन्या टीव्हींवर ५ व्होल्ट, ०.५ अँपिअर असं लिहिलेलं सापडेल, म्हणजे अडीच वॅट. काहींवर तर नुसतं 'सर्व्हिस' लिहिलेलं असतं, तो पोर्ट मेकॅनिकसाठी असतो. तुमच्या स्टिकसोबत आलेला अॅडॉप्टर हातात घेऊन तोही वाचा: ५ व्होल्ट, १ अँपिअर किंवा त्याहून जास्त. म्हणजे निदान दुप्पट. टीव्हीचा पोर्ट पेनड्राइव्हवरची गाणी आणि लग्नाचे फोटो दाखवण्यापुरता दिलेला असतो.

आता "आमच्याकडे महिनाभर चाललं की" याचं उत्तर. नुसता मेनू उघडा असताना स्टिक फार वीज ओढत नाही. पण सुरू होताना, वाय-फाय जोरात चालताना, एचडी सिनेमा उलगडताना आणि मुख्य म्हणजे अपडेट घेताना ओढ वाढते. तेवढी वीज पोर्ट देऊ शकला नाही की व्होल्टेज खाली येतं आणि स्टिक स्वतःला बंद करून पुन्हा सुरू होते. सुरू होताना पुन्हा जास्त वीज लागते, पुन्हा ती मिळत नाही, म्हणून लोगोवरच गिरक्या. पहिला महिना सुरळीत गेलेला असतो, कारण मोठं अपडेट आलेलं नसतं.

दुसरा तोटा लक्षात यायला वेळ लागतो. टीव्ही बंद केला की बऱ्याच जुन्या टीव्हींचा यूएसबीही बंद होतो, म्हणजे रोज रात्री स्टिकची वीज खाडकन तोडली जाते. अपडेट साधारण अशा रिकाम्या वेळीच होतात. ते अर्धवट राहिलं तर कधी कधी स्टिक खरोखरच कायमची अडकते, आणि मग मात्र आमच्या काउंटरवरही उठत नाही.

म्हणून अॅडॉप्टर थेट भिंतीत किंवा एक्स्टेंशन बोर्डात लावा. टीव्हीबरोबर बंद होणारं बटण असेल तर त्या बटणावर नको. विजेच्या बिलाची काळजी करू नका. चोवीस तास २ वॅट धरले तरी महिन्याला दीड युनिटही होत नाही.

मूळ अॅडॉप्टर हरवला असेल तर ५ व्होल्ट, २ अँपिअरचा चांगला मोबाईल चार्जर चालतो. "जास्त अँपिअरने स्टिक जळेल" ही भीती चुकीची आहे, स्टिक तिला हवं तेवढंच घेते. घात करते ती स्वस्त, बारीक, तीन मीटर लांब वायर. चार्जर कितीही दमदार असला तरी अशा वायरीत व्होल्टेज गळतं. सोबत आलेली वायरच वापरा. ती पुरत नसेल तर यूएसबीची वायर वाढवू नका, विजेचा बोर्ड जवळ घ्या.

फोनवर तक्रार आली की आम्ही पहिला प्रश्न हाच विचारतो: वायर कुठे लावली आहे? रागावू नका, तुम्हाला अडाणी समजून विचारत नाही. घरी येण्याचे आम्ही दोनशे रुपये घेतो आणि वायर काढून भिंतीत लावण्याचे दोनशे घेताना आम्हालाच ओशाळल्यासारखं होतं. दोष स्टिकमध्ये निघाला तर एक पैसा घेत नाही, आणि वॉरंटीत असेल तर कंपनीशी आम्हीच बोलतो.

मग कोणती घ्यायची?

सरळ दोन घराणी आहेत. फायर टीव्हीची स्टिक अॅमेझॉनच्या खात्यावर चालते आणि अॅप तिच्याच दुकानातून घ्यावी लागतात. गूगल टीव्हीवर चालणाऱ्या शाओमी, रियलमी वगैरेंच्या स्टिक आणि डबे जीमेलवर चालतात. त्यात प्ले स्टोअर असतं आणि मोबाईलवरचं यूट्यूब एका बटणावर टीव्हीवर टाकता येतं. घरात मुलं फोनवरून टीव्हीवर गाणी टाकत असतील तर गूगलवाली. आजी-आजोबांना मोठा, सोपा रिमोट हवा असेल तर दोन्ही हातात धरून बघा, मगच ठरवा.

मराठीचं म्हणाल तर दोन्हीकडे सोय आहे. झी मराठीच्या मालिका झी५ वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठी जिओहॉटस्टारवर, सोनी मराठी सोनीलिव्हवर. वर्गणी मात्र ज्याची त्याला वेगळी भरावी लागते. स्टिक घेतली म्हणजे सगळं फुकट, हा गैरसमज अजूनही बराच आहे.

बत्तीस इंची 'एचडी रेडी' टीव्हीच्या पडद्यावर १३६६ गुणिले ७६८ एवढेच ठिपके असतात. त्यावर ४के, म्हणजे कितीतरी जास्त ठिपक्यांचं चित्र देणारी स्टिक लावून चित्र सुधारत नाही. तरीही ४के स्टिक आम्ही अगदीच नाकारत नाही, कारण साध्या स्टिकमध्ये रॅम, म्हणजे काम करतानाची मेमरी, बऱ्याचदा १ जीबी असते आणि ४के वाल्यांत साधारण २ जीबी. चार-पाच अॅपमध्ये उड्या मारणाऱ्या घराला तो फरक जाणवतो. दिवसाला दोन मालिका आणि कीर्तन एवढंच बघणार असाल तर साधी घ्या, उरलेल्या पैशांत वर्गणी भरा.

टाळायचे ते बिनओळखीचे 'अँड्रॉइड बॉक्स'. डब्यावर ८ जीबी रॅम, ८के, हजारो चॅनल मोफत, आणि किंमत दीड हजार. यातल्या बऱ्याच डब्यांना गूगलची आणि नेटफ्लिक्सची मान्यता नसते. नेटफ्लिक्स एक तर चालत नाही किंवा फोनचं अॅप कसंबसं बसवलेलं असतं, ज्यात रिमोटचे बाण काम करत नाहीत. सिनेमांना जे कुलूप असतं, त्याची वरच्या दर्जाची किल्ली या डब्यांकडे नसते, म्हणून चित्र ४८० ओळींच्या वर जात नाही आणि बत्तीस इंचावर चेहरे धुरकट दिसतात. शिवाय अशा काही डब्यांत कारखान्यातूनच घातक सॉफ्टवेअर भरलेलं आढळलं आहे. २०२५ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या एफबीआयने त्याबद्दल जाहीर इशारा दिला होता. आम्ही हे डबे ठेवत नाही. बाहेरून आणलेत तर बसवूनही देत नाही, कारण पुढची प्रत्येक तक्रार आमच्याच दारात येते.

आणि हो, तुमच्या ब्रॉडबँडवाल्याने सेट-टॉप बॉक्स दिलेला असेल, तर आधी कपाटात शोधा. पुष्कळ घरांत तो प्लास्टिकमधून बाहेरही काढलेला नसतो. तो साधारणपणे त्याच कंपनीच्या नेटवर चालतो, पण काम तेच करतो. मग आमच्याकडून फक्त चांगली एचडीएमआय वायर घेऊन जा.

डबा टीव्हीवाल्यांसाठी

एचडीएमआय ते एव्ही असा छोटा कन्व्हर्टर तीनशे ते पाचशे रुपयांत मिळतो. तो घेताना दिशा बघा. एव्ही ते एचडीएमआय असा उलटाही मिळतो, दिसायला अगदी तसाच. त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही. आपल्याला एचडीएमआय 'आत' आणि तीन रंगांच्या पिना 'बाहेर' हव्यात. या कन्व्हर्टरला स्वतःची वीज लागते, म्हणजे एकूण दोन अॅडॉप्टर झाले.

चित्र काळं-पांढरं आलं किंवा वर सरकत राहिलं, तर कन्व्हर्टरच्या कडेला बारीक खटका असतो, तो नखाने 'पाल' (PAL, आपल्याकडच्या टीव्हीची पद्धत) कडे सरकवा. माणसं उंच आणि बारीक दिसत असतील तर टीव्हीच्या मेनूत १६:९ मिळतंय का बघा. रुंद चित्र चौकोनी पडद्यात कोंबल्यामुळे तसं होतं. एवढं करूनही मेनूतली बारीक अक्षरं वाचायला त्रास होईल. कन्व्हर्टर आम्ही विकतो, पण डबा टीव्हीवर चार हजारांची स्टिक लावण्यापेक्षा ते पैसे नव्या टीव्हीकडे वळवावेत असं आमचं मत आहे.

लावल्यावर येणाऱ्या अडचणी

चित्र आहे, आवाज नाही: स्टिक डॉल्बी नावाच्या पद्धतीने आवाज पाठवते आणि जुन्या टीव्हीला तो कळत नाही. सेटिंगमध्ये आवाजाच्या भागात 'सराउंड साउंड' आहे, ते 'पीसीएम' करा.

पडदा पूर्ण काळा: टीव्हीच्या रिमोटवर सोर्स दाबून बरोबर एचडीएमआय निवडला आहे ना, ते आधी बघा. असेल तर फायर टीव्हीच्या रिमोटवर वरचा बाण आणि रिवाइंड ही दोन बटणं एकत्र पाच सेकंद दाबून धरा. स्टिक एकेक रिझोल्यूशन (चित्रातल्या ठिपक्यांची संख्या) लावून दाखवू लागते. चित्र दिसलं की तेच कायम ठेवा. चित्राच्या कडा कापल्या जात असतील तर ते वेगळं, त्याला डिस्प्लेत 'कॅलिब्रेट' आहे.

फायर टीव्हीच्या रिमोटचा स्टिकशी संपर्क तुटला असेल तर होमचं बटण दहा सेकंद दाबा. त्याआधी सेल बदलून बघा, चार्ज होणारे नकोत, साधे अल्कलाइन घ्या. स्टिकच्या रिमोटने जुन्या टीव्हीचा आवाज कमी-जास्त होत नसेल तर सेटिंगमध्ये टीव्हीची कंपनी निवडावी लागते. ओनिडा, व्हिडिओकॉनच्या काही जुन्या मॉडेलना कोड जुळेपर्यंत दोन-तीन पर्याय चालवून बघावे लागतात.

नेट हळू वाटत असेल तर स्टिकच्या खोक्यात बघा. बऱ्याच स्टिकसोबत बोटभर लांबीची एचडीएमआयची जोडवायर येते आणि लोक ती खोक्यातच ठेवतात. ती लावली की स्टिक टीव्हीच्या पाठीपासून सुटते, तिला वाय-फाय नीट मिळतं आणि ती कमी तापते. राउटर त्याच खोलीत असेल तर वाय-फायचं ५ गिगाहर्ट्झ निवडा, भिंतीपलीकडे असेल तर २.४.

मोबाईलच्या हॉटस्पॉटवर चालवणाऱ्यांनी एक हिशेब मांडावा. नेटफ्लिक्सचं एचडी तासाला ३ जीबीपर्यंत डेटा खातं. रोजच्या दीड जीबीच्या पॅकमध्ये अर्धा तास. सिनेमा मध्यंतराआधीच अडकला तर स्टिकला दोष देऊ नका, सेटिंगमध्ये व्हिडिओचा दर्जा खाली आणा.

बसवायच्या दिवशी

वाय-फायचा पासवर्ड, जीमेल किंवा अॅमेझॉनचा पासवर्ड, आणि ज्या नंबरवर ओटीपी येतो तो फोन, एवढं घरात हवं. मुलगा पुण्यात आणि ओटीपी त्याच्या फोनवर, अशी वेळ बऱ्याचदा येते. आम्ही यायच्या आधी त्याला एक फोन करून ठेवा. टीव्हीवर सहा-आठ अक्षरांचा कोड येतो, तो फोनवर टाकायचा असतो. त्याचे पैसे नसतात. 'अॅक्टिव्हेशनचे पाचशे भरा' असं कुणी फोनवर म्हणालं तर फोन ठेवा. असे नंबर नेटवर शोधून लावू नका, आमच्या पावतीवरच्या नंबरवर विचारा. दुकानातून घेतलेल्या स्टिकची पहिली बसवणी गावात मोफत आहे. ऑनलाइन आमच्यापेक्षा दोनशे-तीनशेने स्वस्त मिळते, ते आम्हालाही ठाऊक आहे. ती बसवून हवी असेल तर तेवढेच दोनशे रुपये पडतील. येण्याआधी फोनवर वायरचं विचारूच.