बहु-बस नेटवर्क ड्रायव्हर

एकाच नेटवर्क चिपवर आधारलेली, पण संगणकाला निरनिराळ्या हार्डवेअर बसने (उपकरण आणि संगणक यांतील माहितीच्या वाटेने) जोडली जाणारी उपकरणे एकाच ड्रायव्हरने (उपकरण चालवणाऱ्या सॉफ्टवेअरने) चालवण्याची रचना. कोकण किनाऱ्यावर आगबोटी चालत त्या काळी उतारू काही बंदरांत थेट धक्क्यावर पाय ठेवीत, तर काही ठिकाणी भर पाण्यात पडावात (लहान होडीत) उतरून किनारा गाठीत. आगबोट तीच असे, उतरण्याची तऱ्हा बदले. चिप आणि बस यांचे नाते बरेचसे असेच आहे. मात्र हा दृष्टांत फार ताणू नये, कारण पडावाचा संथपणा आगबोटीच्या इंजिनात शिरत नाही. संथ बसचा मात्र ड्रायव्हरच्या गाभ्यापर्यंत शिरतो.

या रचनेचा आरंभ कोठे धरावा हे व्याख्येवर अवलंबून आहे. नॅशनल सेमिकंडक्टरची डीपी८३९० चिप वापरणारे नॉव्हेलचे एनई२००० कार्ड आयएसए या जुन्या बससाठी होते. पुढे त्याच्याशी सुसंगत कार्डे पीसीआय या नंतरच्या आणि पीसीएमसीआयए या लॅपटॉपांतील बसवरही आली. लिनक्स या कार्यप्रणालीत या तिन्हींचे ड्रायव्हर वेगळे राहिले आणि चिपचा सामाईक भाग तेवढा एका फायलीत गेला. यास एक ड्रायव्हर म्हणणे कठीण. थ्रीकॉमच्या कार्डांचा ३सी५९एक्स हा लिनक्स ड्रायव्हर ईआयएसए (आयएसएचे विस्तारित रूप) आणि पीसीआय अशा दोन्ही बसकडे नोंद करतो, आणि दोहोंपैकी एकीकडे जरी ती साधली तरी उभा राहतो. नेटबीएसडी या दुसऱ्या कार्यप्रणालीत चिपचा कोड एका निर्देशिकेत आणि बसला जोडून देणारा छोटा भाग त्या त्या बसच्या निर्देशिकेत अशी विभागणी रूढ झाली. रजिस्टरे (चिपमधील नियंत्रणाच्या छोट्या नोंदजागा) वाचण्या-लिहिण्याची ‘बस-स्पेस’ कार्ये १.२ या आवृत्तीत वेगळ्या रूपात आली व १.३ मध्ये (१९९८) एकत्रित झाली. संकल्पना म्हणून हीच मांडणी अधिक पूर्ण मानणे सयुक्तिक दिसते, कारण आपण कोणत्या बसवर आहोत हे चिपच्या कोडला बहुधा ठाऊक असावे लागत नाही.

सर्वसाधारणपणे बसचा भाग उपकरण ओळखतो, इंटरप्ट (उपकरणाने प्रोसेसरला दिलेली हाक) व मेमरीची तजवीज करतो आणि वाचन-लेखनाच्या कार्यांचा तक्ता गाभ्याच्या हाती देतो. अडचण त्यापुढची आहे. पीसीआयवर रजिस्टर वाचणे म्हणजे मेमरीतून वाचण्यासारखेच. यूएसबी किंवा एसडीआयओवर (एसडी कार्डाच्या जोडणीवर आधारलेली बस) त्यासाठी संदेश पाठवून उत्तराची वाट पाहावी लागते, आणि स्पिनलॉक (धरणाऱ्याला मध्ये झोपू न देणारे सॉफ्टवेअरमधील कुलूप) धरून अशी वाट पाहता येत नाही. त्यामुळे तक्त्यातील कार्याचे नाव तेच राहिले, तरी ते कोठून बोलावता येईल याचे नियम बदलतात. रिअलटेकच्या वायफाय चिपांचा आरटीडब्ल्यू८८ हा ड्रायव्हर आधी केवळ पीसीआयसाठी होता, लिनक्स ६.२ मध्ये यूएसबी आणि ६.४ मध्ये एसडीआयओ (दोन्ही २०२३) जोडण्यापूर्वी त्याच्या गाभ्यातील लॉकिंग बदलावे लागले. पाकिटे पाठवण्याचा मार्ग तर एक होतच नाही : पीसीआयवर डीएमएचे (उपकरणाने स्वतःच मेमरी वाचण्या-लिहिण्याचे) वर्णक-वलय, म्हणजे पाकिटांच्या जागा सांगणारी चक्राकार यादी, असते, यूएसबीवर विनंत्यांची रांग.

आरटीडब्ल्यू८८ मध्ये गाभा, चिप आणि प्रत्येक बस यांची मोड्यूले (गरजेप्रमाणे चढवता येणारे कोडचे भाग) वेगळी आहेत. किनाऱ्यावरच्या खाऱ्या, दमट हवेत स्लॉटातील कार्डाचे संपर्क खराब होतात. रत्नागिरी-मालवणकडे अशा कार्डाऐवजी कोणी त्याच चिपचा यूएसबी अडॅप्टर लावला, तर गाभ्याचे मोड्यूल तेच राहते, फक्त पीसीआयच्या जागी यूएसबीचे मोड्यूल चढते.