म्हणीचा व्हिडिओ वेगळा, वाक्प्रचाराचा वेगळा

तिसरी ते पाचवीच्या मुलांसाठी ‘म्हणी व वाक्प्रचार’ असे जोडनाव दिलेले दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ आता पालकांच्या ग्रुपवर रोज फिरतात. बहुतेकांचा साचा एकच: शब्दांचे चित्र, खाली अर्थ, मागे कर्कश संगीत, की लगेच पुढचे. हा साचा म्हणीला बऱ्यापैकी चालतो. वाक्प्रचाराचे मात्र तो नुकसान करतो.

म्हण सगळ्यांना माहीत आहे. ती पूर्ण विधान असते आणि जशीच्या तशी बोलली जाते. वाक्प्रचार म्हणजे वाक्यात बसवायचा, शब्दशः अर्थाहून वेगळा अर्थ देणारा शब्दसमूह. लांब ती म्हण, छोटा तो वाक्प्रचार, ही शिकवण तेवढी सोडून द्यावी. ‘अति तेथे माती’ तीन शब्दांत संपते, ‘डोळ्यांत तेल घालून पहारा देणे’ त्याहून लांब आहे. ‘पालथ्या घड्यावर पाणी’ म्हणींच्या यादीत असते आणि पुढे ‘घालणे’ लावले की वाक्प्रचारांच्याही. त्यावर तास खर्च करू नये.

खरा घोळ चित्रात आहे. म्हणीतले चित्र बहुधा प्रत्यक्ष घडू शकणारे असते. ओढ्याचे उथळ पाणी खडकांवरून आवाज करत जाते आणि खोल डोह शांत असतो, हे व्हिडिओत पाहिले आणि ऐकले की ‘उथळ पाण्याला खळखळाट फार’ अर्धी समजलीच. ‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही तर छोटी गोष्टच आहे. मग माणसांत असे कोण वागते, एवढेच विचारायचे उरते.

वाक्प्रचाराचे शब्दशः चित्र मुलाला अर्थापासून दूर नेते. ‘जीव भांड्यात पडणे’ म्हणून पातेल्यात पडणारे लाल हृदय दाखवले की पातेले लक्षात राहते, सुटका झाल्याची भावना राहत नाही. नाकावर ९ चा आकडा आणि पोटात चोच मारणारा कावळा, ही चित्रे मला बघवत नाहीत. ‘कान टवकारणे’ किंवा ‘तोंडाला पाणी सुटणे’ इथे चित्र चालते, कारण कुत्रा खरेच कान टवकारतो आणि तोंडाला खरेच पाणी सुटते. बाकी ठिकाणी प्रसंग हवा. ‘जीव भांड्यात पडणे’साठी असा: गर्दीच्या एसटी स्थानकात लहान भाऊ दिसेनासा होतो, शोधाशोध होते, तो पाणपोईपाशी सापडतो आणि आईचा चेहरा बदलतो.

आणि कार्टूनमध्ये जी गोष्ट कधीच येत नाही, तिथेच ‘वाक्यात उपयोग करा’ या प्रश्नाला मुले अडखळतात. वाक्प्रचार वाक्यात शिरताना बदलतो, आणि माणसाला कुठली विभक्ती लागणार हे तोच ठरवतो. अर्थ पाठ असलेले मूल ‘गड चढताना मी नाकी नऊ आलो’ असे लिहिते. ‘नाकी नऊ येणे म्हणजे दमणे’ असे व्हिडिओने सांगितले, तेव्हा ‘मी दमलो’च्या जागी त्याने ते बसवले. त्याच्या दृष्टीने ते बरोबर आहे. पण आपण ‘माझ्या नाकी नऊ आले’ म्हणतो. जीव आईचा भांड्यात पडतो, धूम मुलांनी ठोकलेली असते, आणि कानाडोळा करायचा तर कशाकडे तरी करावा लागतो. हे नियम म्हणून पाचवीच्या मुलाच्या डोक्यात उतरत नाही. तेच वाक्य वेगवेगळ्या माणसांच्या तोंडून ऐकले की कानाला सवय होते.

म्हणून व्हिडिओ सुटकेच्या क्षणी थांबवावा आणि ‘कोणाचा जीव भांड्यात पडला?’ असे विचारावे. ‘आईचा’ हे उत्तर षष्ठी विभक्तीच्या ‘चा’सकट येते. मग वडिलांचा, कंडक्टरकाकांचा, शेवटी ‘माझा कधी पडला होता’ हे प्रत्येकाने सांगावे. एका व्हिडिओत एकच वाक्प्रचार पुरे. ५० वाक्प्रचार एका दमात म्हणून दाखवणारे व्हिडिओ मी वर्गात लावत नाही.