डीझेल प्रवासी वाहने, अमेरिकेतील

डीझेल प्रवासी वाहने, अमेरिकेतील : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत विकल्या जाणाऱ्या मोटारी, एसयूव्ही व हलके पिकअप यांपैकी डीझेल इंजिनावर चालणारी वाहने. नव्या हलक्या वाहनांतील त्यांचा वाटा आज १ टक्क्याच्या आसपास आहे. पर्यावरण संरक्षण संस्थेच्या (ईपीए) नोंदींनुसार तो १९८१ साली सर्वाधिक, सुमारे ६ टक्के होता. भारासह कमाल अनुज्ञेय वजन ८,५०० पौंडांहून अधिक असलेले जड पिकअप या आकड्यांत मुळीच येत नाहीत. तेथे डीझेलला आजही मागणी आहे, म्हणून दोन्ही गटांची बेरीज करून काढलेले निष्कर्ष सावधपणे घ्यावेत.

आरंभ : अमेरिकेतील पहिली डीझेल मोटार कोणती, याविषयी एकमत नाही. डीझेल इंजिनांचे कारखानदार क्लेसी कमिन्स यांनी १९२९ च्या अखेरीस आपल्या कारखान्यातील चार सिलिंडरांचे सागरी इंजिन एका जुन्या पॅकार्ड लिमोझिनमध्ये बसवले. जानेवारी १९३० मध्ये ते इंडियाना राज्यातील कोलंबसहून न्यूयॉर्कच्या मोटार प्रदर्शनाला त्याच गाडीने गेले. सुमारे ८०० मैलांच्या या प्रवासात १.३८ डॉलरचे इंधन लागले, असे सांगतात. तिला ‘पहिली’ म्हणणाऱ्यांचा आधार हाच प्रवास आहे. ग्राहकाला दुकानात विकत मिळणारी गाडी असा निकष लावला, तर मान जर्मनीकडे जातो. मर्सिडीज-बेन्झची २६० डी फेब्रुवारी १९३६ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात आली. सित्रोएनची रोझाली तिच्या आधीची की बरोबरीची, हा फ्रेंच व जर्मन लेखकांमधला वाद निराळा. बाजारपेठेचा विचार करताना दुसराच निकष अधिक उपयुक्त वाटतो. त्या अर्थाने अमेरिकेतील डीझेल मोटारीचा व्यवहार १९५० च्या दशकात मर्सिडीजच्या आयातीपासून धरावा लागेल. त्या दशकाच्या उत्तरार्धात या गाड्यांचे वितरण स्टुडबेकर-पॅकार्डकडे होते, हा एक योगायोग.

तेलटंचाई व ऑल्ड्समोबील इंजिन : १९७३ च्या तेलटंचाईनंतर १९७५ च्या कायद्याने प्रत्येक उत्पादकाच्या गाड्यांना सरासरी इंधनक्षमतेचे बंधन आले. ते १९७८ साठी गॅलनला १८ मैल आणि १९८५ साठी २७.५ मैल होते. फोक्सवॅगनची १.५ लिटरची डीझेल रॅबिट १९७७ मध्ये आली. पाठोपाठ मर्सिडीजची टर्बोयुक्त ३०० एसडी अमेरिकेसाठीच काढली गेली. ‘डीझेल गाड्या वाईट’ हा समज मात्र जनरल मोटर्सच्या ऑल्ड्समोबील विभागाच्या ५.७ लिटर व्ही-८ इंजिनामुळे (१९७८–८५) पक्का झाला.

हे इंजिन म्हणजे पेट्रोल इंजिनाचेच थोडे फेरफार केलेले रूप होते, असे सर्रास लिहिले जाते. ते तितकेसे खरे नाही. ब्लॉकचे ओतकाम नवे व जाड होते आणि मुख्य बेअरिंगांचा व्यास २.५ इंचांवरून ३ इंच केला होता. पुढे शर्यतीच्या गाड्यांसाठी पेट्रोल इंजिने बांधणारे लोक हाच ब्लॉक मुद्दाम शोधत असत. दोष सिलिंडर हेडच्या बोल्टांत होता. कारखान्यातील जुनी यंत्रसामग्री वापरता यावी म्हणून पेट्रोल इंजिनाचीच मांडणी, म्हणजे प्रत्येक हेडला दहा बोल्ट, कायम ठेवली गेली. २२.५ : १ या संपीडन गुणोत्तराखाली ते ताणले जात, गॅस्केट फुटे आणि शीतक सिलिंडरमध्ये शिरे. दट्ट्यावर पाणी साचले की ते दाबले जात नाही, त्यामुळे जोडदांडा वाकणे किंवा दट्ट्या फुटणे ठरलेले. दुरुस्ती करताना ताणलेले जुने बोल्टच पुन्हा वापरले, की काही महिन्यांत तोच बिघाड परत येई.

इंधनातील पाणी वेगळे करणारी गाळणी न देणे ही दुसरी चूक. त्या काळच्या डीझेलमध्ये पाणी सहज सापडे, त्याने इंजेक्शन पंप गंजत असे. पाणी जावे म्हणून मालक टाकीत अल्कोहोल ओतत आणि त्याने पंपातील लवचिक भाग खराब होत. नंतरच्या ४.३ लिटर व्ही-६ मध्ये बोल्टांची मांडणी सुधारली, पण तोवर तेल स्वस्त झाले होते आणि १९८५ नंतर हे उत्पादन थांबले.

इंधन : अमेरिकेत डीझेलचा दर्जा एएसटीएम डी९७५ या मानकाने ठरतो. त्यात सीटेन अंक (इंधन किती सहज पेट घेते याचे माप) किमान ४० लागतो, युरोपच्या ईएन ५९० मानकात ५१. वंगणक्षमतेच्या चाचणीत झिजेच्या व्रणाला अमेरिकेत ५२० मायक्रॉनांपर्यंत मुभा आहे, युरोपात ४६०. हा फरक कागदावर लहान दिसतो. परंतु युरोपीय इंधन डोळ्यांपुढे ठेवून बनवलेल्या बॉशच्या सीपी४ उच्चदाब पंपात रोलर आपल्या खाचेत फिरला, तर तो कॅमवर घसरू लागतो. त्यातून सुटलेला धातूचा कीस इंधनाच्या उच्चदाब नळीत (रेल) व इंजेक्टरपर्यंत जातो आणि मग पंपासह सगळी इंधनप्रणालीच बदलावी लागते. अमेरिकेत या पंपावरून न्यायालयांत अनेक दावे झाले. तेथील इंधन हेच कारण की पंपाची रचना, यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. दोन्हींचा वाटा असावा.

गंधकाचे प्रमाण २००६ पासून दशलक्ष भागांत १५ भागांवर आले. त्यापूर्वी ही मर्यादा ५०० होती आणि तशा इंधनावर धूर शुद्ध करणारे आधुनिक उत्प्रेरक टिकले नसते. जैवडीझेलबाबत सावधगिरी लागते. मिनेसोटात उन्हाळ्यात पंपावर २० टक्के मिश्रण असते, तर मोटारींचे बरेच उत्पादक ५ टक्क्यांपर्यंतच मान्यता देतात. डीझेलची नळी साधारणपणे जाड असल्याने ती पेट्रोल गाडीच्या तोंडात जात नाही. पेट्रोलची नळी मात्र डीझेल गाडीत सहज बसते. चुकीचे इंधन भरले गेल्यास चावीसुद्धा न फिरवता टाकी उपसून घ्यावी.

उत्सर्जन : पेट्रोल इंजिनात हवा व इंधन नेमक्या प्रमाणात (सुमारे १४.७ : १) जळत असल्याने त्रिमार्गी उत्प्रेरक पुरतो. डीझेल इंजिनाच्या धुरात ऑक्सिजन उरतो, म्हणून नायट्रोजनाच्या ऑक्साइडांसाठी वेगळी सोय करावी लागते. युरोपने डीझेलला बराच काळ सवलत दिली, अमेरिकेने टिअर-२ या उत्सर्जन नियमांत (२००४–०९) दिली नाही. त्या नियमांतील ‘बिन ५’ या गटाची ऑक्साइडांची मर्यादा मैलाला ०.०७ ग्रॅम, म्हणजे किलोमीटरला सुमारे ४३ मिलिग्रॅम होती. भारतातील बीएस-६ मध्ये डीझेल मोटारीला ८० मिलिग्रॅम चालतात, हे तुलनेसाठी ध्यानात घ्यावे.

यावर दोन उपाय आहेत. लहान गाड्यांत बेरियमयुक्त सापळा ऑक्साइडे साठवतो आणि ठरावीक वेळाने इंधन जादा सोडून तो मोकळा करावा लागतो. मोठ्या गाड्यांत ३२.५ टक्के युरियाचे द्रावण (डीईएफ) धुरात फवारतात. ते उणे ११ अंश सेल्सिअसला गोठते, म्हणून टाकीत तापक बसवलेला असतो. तो आणि नायट्रोजन ऑक्साइडांचे संवेदक हे नेहमी बिघडणारे भाग. द्रावण संपल्यास गाडी उरलेले मैल मोजत इशारे देते आणि शेवटी एकदा बंद केल्यावर पुन्हा सुरू होत नाही. काजळीची गाळणी स्वच्छ होण्यास सुमारे ६०० अंश तापमान लागते. रोज चार-पाच मैलच चालणाऱ्या गाडीत ते मिळत नाही. गाळणी तुंबते आणि ती जाळण्यासाठी मागाहून फवारलेले इंधन वंगणतेलात उतरते. तेलपट्टीवर पातळी वाढलेली दिसली, तर ते तेल वाढल्याचे नव्हे, पातळ झाल्याचे लक्षण समजावे.

२०१५ नंतर : वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या गटाने रस्त्यावर घेतलेल्या मोजमापांतून फोक्सवॅगनच्या गाड्यांच्या चाचणीतील व रस्त्यावरील उत्सर्जनातली तफावत उघड झाली. १८ सप्टेंबर २०१५ रोजी ईपीएने नोटीस बजावली. २.० लिटरच्या सुमारे ४,८२,००० गाड्यांतील प्रणाली चाचणी ओळखत असे आणि एरवी शुद्धीकरण मंदावत असे. ऑक्साइडे मर्यादेच्या ४० पटींपर्यंत जात. पुढील वर्षीच्या तडजोडीची कमाल रक्कम १४.७ अब्ज डॉलर होती. फियाट क्रायस्लर (२०१९) व डायमलर (२०२०) यांच्याशीही तडजोडी झाल्या. रॅम पिकअपच्या इंजिनांवरून कमिन्स या इंजिन कंपनीला १.६७५ अब्ज डॉलरचा दंड झाला.

डीझेल मोटार या प्रकरणाने संपली, असे मानण्याचा प्रघात आहे. हिशेब मात्र आधीच तिच्या विरुद्ध होता. केंद्रीय कर पेट्रोलवर गॅलनला १८.४ सेंट, डीझेलवर २४.४ सेंट. ईपीएच्या गणिताने एक गॅलन पेट्रोलमधून ८,८८७ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो, डीझेलमधून १०,१८०. पेट्रोलवर ३० मैल देणाऱ्या गाडीने डीझेलवर ३९ मैल दिले, तरी मैलामागे कार्बन जेमतेम १२ टक्के घटतो. पेट्रोल ३ डॉलर व डीझेल ३.६० डॉलर धरले, तर १२,००० मैलांमागे बचत सुमारे ९२ डॉलर. इंजिन व शुद्धीकरण संचाची जादा किंमत एवढ्यावर वसूल होत नाही. युरियाची टाकी वा जड गाळणी न लागणारी संकरित (हायब्रिड) गाडी तेच काम करू लागली, हा निर्णायक फरक.

भवितव्य : माझदाने सीएक्स-५ चे डीझेल रूप अनेक विलंबांनंतर २०१९ मध्ये आणले, ते त्या एकाच वर्षापुरते राहिले. शेव्हरले क्रूझ व इक्विनॉक्स २०१९ लाच थांबल्या, फोर्ड एफ-१५० २०२१ ला, रॅम १५०० २०२३ ला. त्याआधी मुंबईच्या महिंद्र कंपनीचा डीझेल पिकअप अमेरिकेत आणण्याचा बेत वितरकाशी झालेल्या वादात विरला.

हलक्या गटात उरलेले मुख्य इंजिन जनरल मोटर्सचे ३.० लिटरचे सरळ सहा सिलिंडरी. त्याच्या २०२३ पासूनच्या रूपाची शक्ती ३०५ अश्वशक्ती व पीळ (टॉर्क) ४९५ पौंड-फूट असून ते सिल्व्हराडो, टाहो, सबर्बन इत्यादींत मिळते. घेणाऱ्याने एक गोष्ट विचारून घ्यावी. तेलपंपाचा पट्टा इंजिनाच्या मागल्या बाजूस आहे. पहिल्या आवृत्तीत तो १,५०,००० मैलांना बदलायचा असून त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. जड पिकअपांत ६.६ व ६.७ लिटरची इंजिने टिकून आहेत, कारण ट्रेलर ओढताना पेट्रोल इंजिनाचा खप फार वाढतो.

२०२५ मध्ये सरासरी इंधनक्षमतेच्या नियमभंगाचा दंड शून्य करण्यात आला आणि डीईएफ संपल्यावर वाहन अडवण्याची सक्ती सैल करण्याचा सल्ला ईपीएने उत्पादकांना दिला. या दोन्हींचा लाभ मुख्यतः ट्रक, शेतीची यंत्रे व मोठी पेट्रोल इंजिने यांना होईल असे दिसते. ऑक्साइडांच्या मर्यादा त्यांनी बदललेल्या नाहीत.